वाळूचं कुणाला बोलू नको

आये,

तुला वाचता येत नव्हतं, हे काय मला माहीत नाही? घरात आलेलं प्रत्येक कार्ड मीच तर वाचून दाखवायचे, आणि तू मध्येच म्हणायचीस, "नमस्कार कळले, पुढचं वाच." तरी लिहितेय. तोंडानं बोलायला गेले की तू उठून चुलीकडे जायचीस, नाहीतर शेजारणीला हाक मारायचीस. कागदावरून उठून कुठे जाशील? वर कुणीतरी शिकलेलं माणूस असेलच. त्याला दटावून वाचून घे. दटावणं काही तुला नवीन नाही.

आजच लिहायला बसले त्याला कारण आहे. सकाळच्या एस.टी.नं तुझी भाची चंद्राताई गुहागराहून आली. बरोबर तिची नलू. आठवते ना? लहानपणी तुझ्या पाटीतली कोळंबी मोजायला बसायची ती. आता सोळा-सतरा वर्षांची आहे, पण दारात उभी राहिली ती म्हाताऱ्या बाईसारखी, चौकटीला धरून. यंदा दहावीला बसलीच नाही म्हणे. बोटात पेन धरवत नव्हतं. तोंडावरची ओढणी तिनं बाजूला केली. नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालांवर पसरलेली ती लाली! आये, तो चेहरा मी आरशात बघितलाय.

चंद्राताईनं चहासुद्धा घेतला नाही. पिशवीतून उंडीच्या तेलाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "वयनी, माझ्या मावशीनं तुला वाळूत घालून उठवलं, हे सगळ्या मिरकरवाड्याला ठाऊक हाय. मावशी आता नाय. पण तिचा हातगुण तुझ्याकडे आला असेल. उद्या नलूला वाळूत घाल."

आणि मी काय केलं असेल? बाजारात जिच्या जिभेला भले भले वचकून असतात, ती मी विषय टाळून गेले. "आधी जेवा, उद्या बघू," म्हटलं आणि बांगडे तळायला घेतले.

कारण तुला शब्द दिलाय ना मी. आता जेवून दोघी कलंडल्यात, तुझा लेक बोटीवर गेलाय आणि मी मागच्या पडवीत बसून तुझ्याशी भांडतेय.

खरं सांगू? पहिल्या वर्षी मला तू अजिबात आवडली नव्हतीस. पूर्णगडाहून तुझी सून होऊन आले तेव्हा कामाला मी काही कमी नव्हते. पहाटे तुझ्याआधी धक्क्यावर पोचायचे, लिलावात तुझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचे. मग दिवाळीनंतर काय झालं कुणास ठाऊक. सकाळी उठावं तर बोटं वळेनात. लुगड्याची गाठ मारता येईना. संध्याकाळी अंगात कणकण, रात्रीत पुन्हा उतरायची. केस तर असे गळायला लागले की केरसुणीला गुंता व्हायचा. आणि तू? तू दारात उभी राहून म्हणायचीस, "राणीसरकार उठल्या काय?"

तेव्हा किती राग यायचा तुझा! दुखतंय म्हणून सांगावं तर दिसत काहीच नव्हतं. मोडलेला हात माणसाला दाखवता येतो. सकाळी धरलेलं आणि दुपारी सुटलेलं अंग कुणाला दाखवणार? त्यात दुपारी मी जरा हसले-बोलले की तू म्हणायचीस, "आता बरी कामाची वेळ टळली." मी माहेरी निघून जायचंसुद्धा ठरवलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकते.

मग एक दिवस कासारीण आली आणि तिला माझ्या हातात बांगड्या घालता येईनात. जुन्या निघेनात, नव्या चढेनात. मनगट इतकं सुजलेलं. तिनं जरा दाबलं आणि मी जी किंचाळले ती तू धावत आलीस. माझा हात तुझ्या मांडीवर घेऊन बघत राहिलीस. दुसऱ्या दिवसापासून राणीसरकार बंद झालं आणि तूच माझी वेणी घालायला लागलीस.

त्यानंतर डॉक्टर किती केले आपण! एकानं सांधेवात सांगितला. दुसऱ्यानं हिवतापाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यानं छातीचा फोटो काढायला लावला आणि क्षयाची शंका घेऊन सोडून दिली. चौथा तुझ्या लेकाला बाजूला घेऊन म्हणाला, बाईच्या मनाला काहीतरी लागलंय, मूलबाळ झालं की सगळं जागेवर येईल. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. कौलही उजवा मिळाला. देव म्हणत होता बरी होईल आणि माझा गुडघा म्हणत होता नाही.

तेव्हा तू पदर खोचलास. "आता मीच बघते," म्हणालीस.

वाळूचा शेक म्हणजे तुझी मक्तेदारी होती. थंडीपाण्यात जाळी ओढून ज्यांचे सांधे धरायचे ते बोटीवरचे गडी तुझ्याकडे यायचे. भर दुपारी पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावर खड्डा करायचा, दुखऱ्या अंगाला उंडीचं तेल चोळायचं, माणसाला त्यात बसवून वरून तापलेली वाळू ओढायची. त्यांना गुण यायचा, खोटं का बोलू? लंगडत आलेली माणसं सरळ चालत गेलेली मी बघितलीत. मग सुनेला का नाही येणार गुण? तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

रोज जेवण झालं की तू मला घेऊन निघायचीस. कमरेपर्यंत वाळूत पुरायचीस आणि शेजारी फतकल मारून बसायचीस. मला आवडायचं गो ते, आये. त्या उबेनं घटकाभर गुडघे सुटायचे. आणि तू बोलायचीस. माझे सासरे पहिल्यांदा तुला बघायला आले तेव्हा तू माशाच्या पाण्याची बादली त्यांच्या पायावर कशी ओतलीस, ते तिथेच सांगितलंस. मी हसून हसून वाळूतून अर्धी बाहेर आले होते. तोवर मी तुला 'अहो आई' म्हणायचे. एक दिवस पायाला मुंगी चावली आणि मी ओरडले, "आये, काढ गो मला आधी!" तू काढलंस आणि म्हणालीस, "आता हेच म्हणत जा." वाळूत पुरलेल्या बाईनं अहो-जाहो कुठवर करायचं?

पण संध्याकाळी ताप चढायचा. आधी कणकण होती, आता फणफणायला लागले. तोंड असं भाजल्यासारखं व्हायचं की पदर लागला तरी सोसवेना. मी तुला म्हटलं, उन्हातून आले की जास्त होतंय. तू माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणालीस, "आतला ताप भायेर पडतोय. गुण येतोय म्हणायचं." आणि दुसऱ्या दिवशी मला जरा जास्त वेळ बसवलंस. जितकी मी खंगत गेले तितका तू शेक वाढवत गेलीस. तुझी माया ही अशी, हात आखडता घेणं तुला ठाऊकच नव्हतं.

मग गालावर ती लाली उमटली, तोंडात फोड आले आणि बाजारात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं महारोग. बस्स, एवढा एक शब्द पुरला. माझ्या पाटीतल्या सौंदाळ्यांकडे गिऱ्हाईक बघेना. शेजारची बाई आपली पाटी सरकवून हातभर लांब बसली. मी मान खाली घालून बसले होते. कधी एकदा उठून घरी जाते आणि दार लावून घेते असं झालं होतं मला.

तू समोरून चहाचा ग्लास घेऊन आलीस. मला म्हणालीस, अर्धा पी. मी प्यायले. माझा उष्टा ग्लास तू हातात घेतलास, बाजाराच्या मधोमध उभी राहिलीस आणि उरलेला चहा सावकाश, एकेक घोट करून संपवलास. मग पदरानं तोंड पुसून कुणाचंही नाव न घेता म्हणालीस, "आता मलापण होऊं दे काय व्हायचं ते. आम्ही दोघी एका पाटीवर बसू." त्या दिवशी मासळी खपली नाहीच. पण पाटी सरकवणारी ती बाई दुसऱ्या दिवशी निमूट आपल्या जागेवर येऊन बसली. आये, मला कुणी विचारलं की तुला जगावंसं कशानं वाटलं, तर मी गोळ्यांच्या आधी तो ग्लास सांगेन.

आपल्या इथल्या चामडीच्या डॉक्टरांनी टाचणी टोचून बघितली, सगळीकडे कळतंय म्हटल्यावर महारोग नाही असं सांगितलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तू हट्टानं बरोबर आलीस. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी बोटं बघितली, केस बघितले, जिभेखाली बघितलं, रक्त काढलं आणि पुन्हा बोलावलं. गेलो तेव्हा तुझा लेक बाहेर केसपेपरच्या रांगेत होता. बाई आपल्या दोघींना म्हणाल्या, याला ल्युपस म्हणतात. शरीराची राखण करणारी जी शक्ती असते, ती शत्रूला सोडून आपल्याच अंगावर उलटते. घराचा राखणदार कुत्रा घरच्यांनाच चावायला लागावा तसं.

तू लगेच विचारलंस, "मग त्याला मारायचा?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मारला तर घर कोण राखणार, आजी? बांधून ठेवायचा. या गोळ्या म्हणजे साखळी." मी रडले, आये, पण दुःखानं नाही. इतके दिवस जे कुणाला दिसत नव्हतं त्याला नाव होतं! मी कामचुकार नव्हते, मनानं आजारी नव्हते, कुणी करणी केलेली नव्हती. ल्युपस म्हणे. असेना का काही, पण होतं.

आणि मग त्यांनी विचारलं, "उन्हात गेल्यावर वाढतं का? उन्हात फार असता का तुम्ही?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलंस. आपण दोघी तेव्हा एकाच जागी गेलो होतो, पांढऱ्या समुद्रावर. तू घसा खाकरून म्हणालीस, "धंदाच उन्हातला आमचा." बाई म्हणाल्या, यापुढे ऊन म्हणजे विष समजा. या आजारात ऊनच आग लावतं. तू मान डोलावलीस. तुझ्या हातातली पिशवी खाली पडली ती तुला कळलीसुद्धा नाही.

येताना गाडी चहासाठी थांबली. तुझा लेक खाली उतरला. तू खिडकीबाहेर बघत होतीस. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "वाळूचं कुणाला बोलू नको गो, मंदा."

मी म्हटलं, "नाही बोलणार."

तुझे डोळे भरले होते. मला तुझा हात धरायचा होता. तेवढ्यात चहा आला आणि तू म्हणालीस, साखर कमी आहे.

त्यानंतर तू मला जपलंस ते काय सांगू! गोळ्यांनी माझं तोंड सुजून गरगरीत झालं. ते गोळ्यांचं आहे हे डॉक्टरीणबाईंनी दहादा सांगितलं, तरी तू आल्या-गेल्याला दाखवायचीस, "बघा कशी भरली." भूक तर अशी लागायची की तुझ्या लेकाच्या ताटातलं मी पळवायचे. माळ्यावर सासऱ्यांच्या बापाच्या वेळचं गलबताचं शीड पडलं होतं. कुणाला हात लावू द्यायची नाहीस तू त्याला. तेच खाली काढलंस, दाभण घेऊन बसलीस आणि बाजारात माझ्या जागेवर त्याची सावली करून दिलीस. लोक हसले. बोटीवरच्या तांडेलाची सून मांडव घालून मासे विकते म्हणाले. तू म्हणालीस, "विकते ना? मग झालं." त्या सावलीत बसून मी पुन्हा धंदा केला. अजून करते. कधी महिना-महिना अंगाची आठवणसुद्धा येत नाही, कधी चार दिवस आडवं पडावं लागतं. पण आडवं पडलेलं माणूस पुन्हा उठतं, हे आता मला माहीत झालंय.

फक्त एक झालं. लोकांना मी उठलेली दिसले. त्यांनी मला वाळूत बसलेली बघितलं होतं आणि आता पाटीवर बसलेली बघत होते. मधल्या गोळ्या कुणाला दिसल्या? सगळे म्हणायला लागले, हिनं सुनेला वाळूनं उठवलं. कुणी तुझ्या तोंडावर तसं म्हटलं की तू उठून आत जायचीस. बोटीवरचे गडी शेकासाठी यायचे तेव्हा तू सांगायचीस, कंबर गेली माझी, वाकवत नाही. कंबर काही गेली नव्हती. पाण्याच्या दोन-दोन कळश्या उचलायचीस.

मी कितीदा म्हणायला आले, आये, सोड आता ते. प्रत्येक वेळी तुला काम निघायचं. मग गेल्या कार्तिकात धक्क्यावर तुझ्या छातीत दुखलं आणि घरी आणेपर्यंत सगळं संपलं. इतकी कसली घाई होती? मला एक वाक्य बोलायचं होतं, तेवढं तरी थांबायचं होतंस.

आता सांग, मी उद्या काय करू? तुझं नाव राखू की पोरगी राखू? कंबर गेली म्हणून मीही सांगू शकते. पण मग चंद्राताई स्वतःच खड्डा खणेल. ती तुझीच भाची आहे, ती काय ऐकतेय?

नलू उठलीशी वाटते. थांबवते.

*

कालचं पत्र तसंच राहिलं होतं. आज पुढे लिहितेय. बोलले मी, आये. आता चिडायचं असेल तर चीड, पण सगळं ऐकून घे.

सकाळी चंद्राताई तेल कोमट करायला चुलीशी बसली. तुझा लेक नुकताच बोटीवरून येऊन चहा घेत होता. रात्रभर मी मनात वाक्यं जुळवली होती, पण त्यातलं एकही तोंडात आलं नाही. मी सरळ म्हटलं, "चंद्राताई, मी वाळूनं बरी नाही झाले. वाळूनं मी मरायला टेकले होते. मी बरी झाले ती गोळ्यांनी आणि सावलीनं."

तिनं तेलाचं भांडं खाली ठेवलं. मी सगळं सांगितलं, तोंड भाजायचं ते, ताप चढायचा तो, डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं आणि आपण काय सांगितलं ते. तिचं तोंड लालबुंद झालं. म्हणाली, "मेलेल्या बाईच्या माथी मारतेस? ती जिती असती तर बोलली असतीस असं?"

मी म्हटलं, "नसते बोलले. तिनं बोलूच दिलं नसतं. पण तिनं नलूला वाळूत घालूही दिलं नसतं. माझ्यानंतर तिनं कुणाला शेक दिलेला तुम्ही बघितलात?"

तिनं तेलाचं भांडं आणखी लांब सरकवलं. मग हळू म्हणाली, "माझ्या आईचा गुडघा धरला तेव्हा मी मावशीकडे आलेले. सख्ख्या बहिणीलासुद्धा नाय म्हणाली ती. आमची आई मरेपर्यंत रुसलेली होती तिच्यावर."

हे मला ठाऊक नव्हतं, आये. बहिणीचा रुसवासुद्धा घेतलास अंगावर? का गो? दोन शब्द बोलली असतीस तर काय झालं असतं? बघ, मी पुन्हा भांडायला लागले.

नलू भिंतीला टेकून ऐकत होती. कालपासून ती कुणाशी धड बोललीही नव्हती. ती आईला म्हणाली, "मी सांगत होते ना तुला? उन्हात गेले की वाढतं म्हणून. तू म्हणायचीस गुण येतोय."

तेव्हा मला कळलं. चंद्राताई इथे यायच्या आधीच सुरू करून बसली होती. गुहागरच्या किनाऱ्यावर, रोज, स्वतःच्या हातानं. तिथे गुण येईना म्हणून हातगुण शोधत माझ्याकडे आली होती.

चंद्राताई जिथे होती तिथेच खाली बसली. दोन्ही हात उलटेपालटे करून बघायला लागली. "या हातांनी घातली गो मी तिला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. आये, तिचा चेहरा बघितला आणि मला गाडीच्या खिडकीतला तुझा चेहरा दिसला. अगदी तोच.

या वेळी चहा मध्ये येऊ दिला नाही मी. तिच्याजवळ बसले, तिचे तेलकट हात धरले आणि म्हटलं, "पोरीला दुखत होतं म्हणून शेकलंत. दुखणंच लबाड निघालं, त्याला तुम्ही काय करणार? यात तुमचा दोष नाही. ती तुमच्यावर रागावलेली नाही आणि मीही कधी रागावले नव्हते."

शेवटचं बोलणं तिच्यासाठी नव्हतं. ती रडत होती, तिच्या लक्षात आलं नसेल. तुझ्या लेकाच्या आलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसून म्हणाला, "परवाच्या गाडीची तिकिटं काढतो. सगळेच जाऊ मुंबईला." वाळूनं वाढलं होतं हे इतकी वर्षं त्याला माहीत नव्हतं. त्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही की लपवलंस का. तुझ्याच पोटचा तो.

मी डॉक्टर नाही. नलूला तेच असेल किंवा दुसरं काही असेल, ते रक्त तपासल्यावर कळेल. पण तिला मी सांगितलंय की असलं तरी घाबरायचं नाही, माझ्याकडे बघायचं. दुपारी ती छत्री घेऊन माझ्याबरोबर बाजारात आली होती. तुझ्या शिडाखाली माझ्या शेजारी बसली आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करायला लागली. वरून मलाच सांगते, मामी, बांगडे स्वस्तात दिलेस. ही दहावी काढणार, बघशील तू.

आता राहिलं तुझं नाव. मला त्याचीच काळजी होती. तुझा शब्द मोडलाय तर पुरताच मोडणार आहे मी. तुला मी वचन देते, आये. कुणी बोटं धरलेल्या, गाल लाल झालेल्या लेकीबाळी घेऊन माझ्याकडे आलं, की मी पाटी बाजूला ठेवून त्यांना सगळं सांगेन, तुझ्या नावानिशी सांगेन. माझ्या सासूनं मला उन्हात बसवलं आणि माझ्या सासूनंच मला सावलीत आणलं, असं सांगेन. पहिलं ऐकून कुणी उठायला लागलं तर हात धरून बसवीन आणि दुसरं ऐकवल्याशिवाय सोडणार नाही.

तुझी
मंदा